काच नको, खरखरीत हवं: अंगण आणि गाडीच्या वाटेसाठी काँक्रीटचं फिनिश कसं निवडायचं

दहिसर गावठाणात माझ्या आत्याचं बैठं घर आहे. पुढे 20 बाय 10 फुटांचं अंगण, एका कोपऱ्यात तुळस, फाटकाशी आतेभावाची स्कूटर. डिप्लोमा संपवून मी नुकतीच साइटवर जायला लागले होते, तेव्हा त्या अंगणाचं काँक्रीट मी स्वतः उभं राहून करून घेतलं. मिस्त्रीचा हात चांगला होता. त्याने गुरमाळा, म्हणजे सपाट पत्र्याची थापी, फिरवून फिरवून असं घोटलं की संध्याकाळी समोरच्या घरातला दिवा अंगणात दिसायचा. आत्याने शेजारणींना बोलावून दाखवलं. जुलैत त्याच अंगणात ती घसरून पडली आणि दीड महिना मनगट प्लास्टरमध्ये घेऊन बसली. "अगं, आरसा करून दिलास, पण पाय कुठे ठेवू?" असं म्हणाली ती, आणि मला उत्तर नव्हतं.

चूक मिस्त्रीची नव्हती. "छान गुळगुळीत करा," असं मीच त्याला सांगितलं होतं. घरातल्या फरशीचं माप आपण अंगणाला लावतो, तिथेच गाडी चुकते. मुंबईत वर्षाला सरासरी 2,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्या चार महिन्यांत उघड्यावरचं काँक्रीट सुकतच नाही, त्यावर शेवाळ धरतं. तेव्हा पहिल्यांदा काम काढणाऱ्यांनी नमुन्यांची पुस्तकं चाळण्याआधी पुढच्या पायऱ्या वाचाव्यात.

पायरी 1: जागेवर बादलीभर पाणी ओता

खरंच ओता. पाणी कुठे पळतं, कुठे थांबतं, घराच्या जोत्याकडे येतं की गटाराकडे जातं, ते बघा. नव्या काँक्रीटला घरापासून बाहेरच्या बाजूला दर 10 फुटांमागे निदान 2 इंच उतार हवा. डोळ्यांना हा उतार जाणवत नाही, म्हणून पाणसळीच्या नळीने खुणा करून भिंतीवर चुन्याची रेघ मारून घ्या. "अंदाजाने देतो" म्हणणाऱ्या मिस्त्रीचा अंदाज नेमका दाराकडे उतरतो, हा माझा अनुभव.

मग एका कागदावर जागेचा आराखडा काढा आणि तीन गोष्टी लिहा. इथे कोण चालणार: म्हातारी माणसं, अनवाणी मुलं? इथे काय उभं राहणार: स्कूटर, मोटार, की आठवड्याला येणारा पाण्याचा टँकर? आणि खालून काय गेलंय: पाण्याची पाइप, ड्रेनेज, गॅसची नळी, केबल? तिसरा प्रश्न नवखी माणसं हमखास विसरतात. मुंबईत जमिनीखालचं काही ना काही दर दोन-चार वर्षांनी उकरावं लागतंच. जिथून पाइप गेलीय तिथे उचलून परत बसवता येईल असंच काहीतरी घाला. चेंबरची झाकणं नव्या पातळीला उचलून घ्यायची, हेही आत्ताच लिहून ठेवा, नाहीतर काँक्रीट सुकल्यावर झाकण खड्ड्यात जातं आणि त्यात पाणी साठतं.

अंगणात झाड असेल तर बुंध्याभोवती निदान 1 मीटर माती मोकळी सोडा. बुंध्याला लावून काँक्रीट ओतलं की मुळं एक तर गुदमरतात, नाहीतर पाच-सहा वर्षांत तुमचं काँक्रीट उचलून फेकतात. पैज लावायची तर मी मुळांच्या बाजूने लावेन.

पायरी 2: खालचं काम

फिनिशच्या लेखात याला दोनच परिच्छेद देते, पण काँक्रीट फुटतं ते बहुतेक वेळा इथूनच. वरची सैल माती काढा, मुरूम टाका, पाणी मारून धुमसाने किंवा भाड्याच्या प्लेट कॉम्पॅक्टरने ठोका, त्यावर रबल सोलिंग (मोठ्या दगडांचा थर) किंवा जाड खडीचा थर द्या. भरणीची जमीन असेल तर घाई नकोच.

जाडी: नुसतं चालायचं असेल तर 4 इंच, मोटार उभी राहणार असेल तर 5 ते 6 इंच. सोसायटीच्या आवारात टँकर येत असेल तर मात्र इंजिनिअरला बोलवा. 10,000 लिटरच्या टँकरमध्ये नुसतं पाणीच 10 टन असतं, गाडीचं वजन वेगळं. तिथे आपला अंदाज चालत नाही.

पायरी 3: फिनिश निवडा

आता मुख्य विषय.

*घोटलेलं काँक्रीट.* साइटवर याला आयपीएस म्हणतात, म्हणजे इंडियन पेटंट स्टोन. जुन्या चाळींच्या खोल्यांत, जिन्यांत, शाळांच्या व्हरांड्यांत हेच असायचं आणि छपराखाली ते उत्तम आहे. उघड्यावर नको. ट्रिमिक्सचंही तसंच. यात ओतलेल्या काँक्रीटमधलं जास्तीचं पाणी व्हॅक्यूमने खेचून घेतात, त्यामुळे पृष्ठभाग घट्ट होतो, झिजत नाही. सोसायट्यांच्या पार्किंगला लोक ते करून घेतात आणि शेवटी पॉवर ट्रॉवेल, म्हणजे घोटायचं मशिन, फिरवून त्याची काच करतात. ट्रिमिक्स जरूर करा, पण उघड्या भागात शेवटचं मशिन फिरवू देऊ नका. तिथे झाडू मारायला सांगा.

*झाडू फिनिश.* माझी पहिली शिफारस नेहमी हीच. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी घसरणारं. काँक्रीट अर्धवट आवळलं की त्यावरून ताठ केसांचा ब्रश किंवा हिराचा खराटा एकाच दिशेने ओढायचा, बारीक रेघा उमटतात. खराट्याने रेघा जाड आणि थोड्या वेड्यावाकड्या येतात, गाडीच्या उतारासाठी त्या चांगल्या. अंगणात अनवाणी पाय, मुलांचे गुडघे असतात, तिथे नायलॉनचा रुंद ब्रश वापरा. केरसुणी किंवा फुलझाडू चालत नाही, तो फक्त वरचा लगदा सारवतो. गाडीच्या उतारावर रेघा चाकांच्या आडव्या हव्यात. सपाट अंगणात पाण्याच्या वाटेने ओढल्या तरी हरकत नाही, जागा लवकर सुकते. उतार फार तीव्र असेल तर नुसता झाडू पुरत नाही, ओल्या काँक्रीटमध्येच हाताच्या अंतरावर आडव्या किंवा व्हीच्या आकाराच्या खाचा पाडून घ्या.

एक गोष्ट कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. उंबऱ्यासमोर, पागोळीच्या आत, दोन-अडीच फुटांचा चौकोन गुळगुळीत सोडा. झाडूच्या रेघांवर रांगोळी नीट येत नाही.

*खडी उघडी ठेवलेलं फिनिश.* वॉश फिनिश म्हणून मिस्त्री ओळखतात. वरचं सिमेंट पुरतं घट्ट व्हायच्या आत पाण्याने आणि ब्रशने धुऊन काढायचं, म्हणजे खालची बारीक खडी दिसायला लागते. दिसायला देखणं, ओल्यातही पकड चांगली, शेवाळ धरलं तरी खडीची टोकं पायाला लागतात. अडचण धुण्याच्या वेळेची आहे. लवकर धुतलं तर खडी सुटते, उशिरा धुतलं तर सिमेंट हटत नाही. हात बसलेला माणूस मिळाला तरच करा. आणि अनवाणी चालायचं असेल तर गोल, बारीक गोटे निवडा. आपल्याकडची फोडलेली काळी खडी टोचते आणि मे महिन्यात तापतेही.

*स्टॅम्प काँक्रीट.* ओल्या काँक्रीटवर रंगाची पावडर टाकून रबरी साच्यांनी दगडाचा, विटांचा ठसा उमटवतात. फोटोत सुंदर दिसतं. माझं मत विचाराल तर मुंबईत जपूनच. त्याची शोभा वरच्या चकचकीत सीलरवर, म्हणजे संरक्षक लेपावर, असते, तोच पावसात घसरतो आणि उन्हाने दोन-तीन वर्षांत मलूल होतो, पुन्हा मारावा लागतो. पाइपसाठी एकदा फोडलं की ठिगळ कायमचं दिसतं, रंग जुळत नाही. तरीही मनात भरलं असेल तर सीलरमध्ये बारीक अँटी-स्किड कण मिसळून घ्या आणि उथळ नक्षीपेक्षा खडबडीत दगडाचा ठसा निवडा.

*पेव्हर ब्लॉक.* हे नाव काढलं की मुंबईकर नाक मुरडतो. रस्त्यांवर उखडलेले, हलणारे, खालून चिखल उडवणारे ब्लॉक आपण इतके पाहिलेत की राग साहजिक आहे. पण त्यात दोष ब्लॉकचा कमी, खालच्या कामाचा जास्त. घराच्या आवारात, नीट ठोकलेल्या पायावर, वाळूच्या सारख्या थरावर, चारी कडांना काँक्रीटची पक्की पट्टी देऊन बसवले तर ब्लॉकसारखी सोय नाही. खालची पाइप फुटली की दहा ब्लॉक उचला, काम करा, परत बसवा. सांध्यांतून थोडं पाणीही जमिनीत जातं. मोटारीसाठी 60 मिलिमीटर जाडी, जड गाड्यांसाठी 80. दुकानात दोन जाती दिसतील. रबरी किंवा प्लास्टिकच्या साच्यात ओतलेले ब्लॉक चकाकतात, रंग झकास दिसतो. मशिनवर दाबून केलेले ब्लॉक निस्तेज, खरखरीत असतात. हे दुसरे घ्या. दोन ब्लॉक एकमेकांवर आपटून बघा, खणखणीत आवाज आला पाहिजे. बद्द वाजला तर पुढच्या दुकानात जा.

चेकर्ड टाइल चालण्यापुरती ठीक. मोटारीच्या चाकाखाली, आतून पोकळ राहिलेली टाइल पहिल्याच महिन्यात तडकते.

या फिनिशमध्ये एकच निवडायला हवं असंही नाही. गाडीच्या चाकांच्या दोन पट्ट्या झाडू फिनिश, पाइपलाइनवरून ब्लॉकची पट्टी, बाकी माती आणि हिरवळ, अशी सरमिसळ मी बऱ्याच ठिकाणी केली आहे. स्वस्तही पडते.

पायरी 4: नमुना करून त्यावर अनवाणी चाला

मिस्त्रीला कोपऱ्यात 2 बाय 2 फुटांचा तुकडा करून दाखवायला सांगा. दोन दिवसांनी त्यावर साबणाचं पाणी ओता आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाच्या चपला घालून, भिंतीचा आधार धरून पाय घासून बघा. मग अनवाणी. हाच तुकडा काम संपेपर्यंत ठेवा. "असंच ठरलं होतं" म्हणायला तोच पुरावा.

भाषेचीही काळजी घ्या. मिस्त्री हमखास म्हणणार, "मॅडम, काचेसारखं करून देतो." त्याच्या दृष्टीने ती कारागिरी आहे, त्याचा अपमान करू नका. पण ठणकावून सांगा, "काच नको, खरखरीत हवं." मजूर हिंदी बोलणारे असतील तर "खुरदुरा" हा शब्द दहा वेळा उच्चारा.

पायरी 5: माल मोजा

आत्याच्याच अंगणाचा हिशेब घेऊ. 200 चौरस फूट, जाडी 4 इंच, म्हणजे सुमारे 67 घनफूट काँक्रीट. एम-20 प्रतीचं काँक्रीट म्हणजे 1 भाग सिमेंट, दीड भाग वाळू, 3 भाग खडी. त्याला साधारण 15 गोण्या सिमेंट, 28 घनफूट वाळू आणि 56 घनफूट खडी लागते. वाळू-खडी ब्रासवर मिळते आणि 1 ब्रास म्हणजे 100 घनफूट, तेव्हा पाव ब्रासपेक्षा थोडी जास्त वाळू आणि अर्ध्या ब्रासपेक्षा थोडी जास्त खडी. गाडीसाठी जाडी 5 इंच केली तर गोण्या 19 होतात. थोडा माल वाया जातो, तो धरून मागवा.

वाळू खाडीची नको. तिच्यातल्या मिठाने वर पांढरा खार फुटतो आणि आत लोखंडी जाळी घातली असेल तर ती गंजते. हल्ली क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, सगळीकडे मिळते, ती घ्या, फक्त तिच्यात धुळीचं प्रमाण जास्त नाही ना, हे मुठीत घेऊन बघा. जाळी घालणार असाल तर ती कव्हर ब्लॉकवर (छोट्या ठोकळ्यांवर) उचललेली हवी. जमिनीवर लोळणारी जाळी काही कामाची नाही.

पाण्याचं माप सगळ्यात महत्त्वाचं. 50 किलोच्या एका गोणीला जास्तीत जास्त 27 लिटर, आणि वाळू ओली असेल तर त्याहून कमी. 15 लिटरच्या दोन बादल्याही भरत नाहीत. साइटवर मिक्सरमध्ये सरळ पाइप सोडतात, कारण पातळ काँक्रीट पसरायला सोपं. ते सुकताना आक्रसतं, चिरतं, आणि वरून भुकटी निघत राहते. बादली मोजायला एक माणूस उभा करा. घरचाच असला तर उत्तम.

पायरी 6: ओतण्याचा दिवस

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ. मुंबईत पाऊस येण्याची सरासरी तारीख 11 जून धरतात, पण मे संपताना काम काढणारा माणूस ताडपत्री घेऊन रात्रभर जागतो, हे मी पाहिलंय. सकाळी लवकर सुरुवात करा.

काँक्रीट ओतलं, पाट्याने सारखं केलं, लाकडी रंध्याने एक हात फिरवला. आता थांबायचं. थोड्या वेळाने वर पाण्याची झिलई येते, उन्हात चकाकते. काम बिघडतं ते याच वेळी. मिस्त्रीला पुढच्या साइटवर जायचं असतं, म्हणून तो त्या पाण्यावर सुकं सिमेंट भुरभुरतो आणि घोटायला लागतो. पाणी शोषलं जातं, पृष्ठभाग लगेच छान दिसतो. पण ती वरची साय असते. वर्षाच्या आत तिच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडतात आणि पापुद्रे सुटतात. सिमेंटची गोणी त्या वेळी तिथून उचलून घरात नेऊन ठेवा. मी खरंच नेऊन ठेवते.

पाण्याची चमक आपोआप जाईपर्यंत वाट बघायची. डिसेंबरच्या सकाळी दोन-तीन तास, एप्रिलच्या उन्हात तासाभरातही. अंगठा दाबून बघा. ठसा उमटतो, पण बोटाला लगदा चिकटत नाही, ती झाडूची वेळ. ब्रश आधी पाण्यात बुडवून झटकून घ्या आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न थांबता एका दमात ओढा. मध्ये थांबलात तर तिथे वळ उठतो. दर दोन ओढींनंतर ब्रश धुवा. ब्रशला लगदा चिकटून गोळे यायला लागले तर तुम्ही लवकर सुरुवात केलीत, अर्धा तास चहा घ्या.

खाचा विसरू नका. काँक्रीट चिरणारच, ती चीर कुठे पडावी एवढं आपल्या हातात असतं. 4 इंच जाडीला दर 8 ते 10 फुटांवर, 1 इंच खोल खाच. ओल्यातच पाडा किंवा दुसऱ्या दिवशी कटरने कापा. घराची भिंत, खांब, चेंबर यांच्या कडेला थर्माकोलची पट्टी लावून अंतर ठेवा, म्हणजे काँक्रीट तापून पसरलं तर भिंतीला ढकलत नाही.

पायरी 7: पाणी मारणं

आपल्याकडे बहुतेक दुकानांत पीपीसी सिमेंट मिळतं, राख मिसळलेलं. ते सावकाश ताकद धरतं, म्हणून निदान 10 दिवस, शक्यतो 14 दिवस ओलं ठेवा. दिवसातून दोनदा पाइप मारणं म्हणजे ओलं ठेवणं नव्हे. गोणपाटं पसरून ती सतत भिजती ठेवा किंवा कडेने मातीची आळी करून पाणी साठवा. नळाला पाणी तासभरच येत असेल तर दोन ड्रम आधीच आणून ठेवा. चालायला दोन दिवसांनी हरकत नाही. मोटार 14 दिवसांआधी नको, 28 दिवस थांबलात तर आणखी बरं. स्कूटरच्या साइड स्टँडखाली पहिला महिनाभर फळीचा तुकडा ठेवा, नाहीतर रुपयाएवढा खड्डा कायमचा.

कंत्राटदाराचे शेवटचे पैसे देण्याआधी पाइप सोडून सगळं भिजवा आणि तासाभराने बघा. नाणं बुडेल एवढं पाणी कुठे साचलेलं दिसलं तर ते आत्ताच दुरुस्त करून घ्या.

नंतरची निगा

सीलर मारायचाच असेल तर 28 दिवसांनंतर, आणि आत मुरणारा, चकाकी न देणारा. झाडू फिनिशला तो नसला तरी चालतं. शेवाळाला मात्र दरवर्षी सामोरं जावं लागणार. पावसाच्या मध्यावर एकदा आणि संपल्यावर एकदा, ब्लीचिंग पावडरचं पाणी टाकून ताठ ब्रशने घासा, धुऊन टाका. फरशी धुवायचं ॲसिड काँक्रीटवर कधीच नको, ते सिमेंट खातं. आणि ब्लीचिंग पावडरसोबत ॲसिड चुकूनही नको, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. गाडीतून ऑइल सांडलं तर लगेच लाकडाचा भुसा टाका, शोषल्यावर कपड्याच्या पावडरने घासा.

आणि ज्यांच्याकडे आधीच काच करून ठेवलेली आहे त्यांचं काय? फोडायची गरज नाही. आत्याच्या अंगणात आम्ही नंतर कटरने दीड-दीड इंचावर 3-4 मिलिमीटर खोल खाचा मारून घेतल्या. कापताना पाण्याची धार चालू हवी आणि कापणाऱ्याच्या तोंडाला चांगला मास्क हवा, ती धूळ फुप्फुसात बसते. दोन दिवसांचं काम झालं. त्याला आता बरीच वर्षं झाली, ती पुन्हा पडलेली नाही. तक्रार एवढीच, की दिवाळीत ठिपके खाचांत पडतात आणि रांगोळी तिरकी येते. उंबऱ्यासमोरचा चौकोन सोडायचं तेव्हा मला सुचलं नव्हतं.